छत उघडं ठेवलेला थांबा

काश्का-बुलाकच्या फाट्यावरचा बसथांबा फार सुंदर आहे म्हणतात. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्यांपैकी एकही जण तिथं बसची वाट पाहताना मला दिसलेला नाही, आणि त्या रस्त्यावर मी एकतीस वर्षं मिनीबस चालवतोय. पाहुणे आपापल्या गाड्यांतून येतात, फोटो काढतात, जातात. माझ्या बसमध्ये चढायची ती ओली माणसं.

थांबा बांधला ओमुरझाक-आकेंनी. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही आके म्हणतो, बाईला एजे. ते रस्तेखात्यात गवंडी होते, पण हात कलावंताचा. १९७९ साली खात्यानं फर्मावलं की तळ्याकाठच्या रस्त्यावर थांबे हवेत आणि ते डोळ्यांत भरतील असे हवेत. कुणी गरुड बांधला, कुणी टोपी बांधली. आकेंनी काँक्रीटचं बोझ-उय बांधलं, आमचं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचं, गोल घर असतं हुबेहूब तसं. आतल्या भिंतीवर फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांची निळी घोडी आणि तिचं शिंगरू. आणि घुमटाच्या मधोमध तुंदुक, म्हणजे घराच्या डोक्यावरचा गोल झरोका. चुलीचा धूर तिथून बाहेर जातो, उजेड तिथून आत येतो. आकेंनी ते उघडंच ठेवलं.

"अरे, इथं चूल कुठाय?" इंजिनियरनं विचारलं.

"माणसं आहेत ना."

"आणि पाऊस आला की?"

"साहेब, तुंदुक बंद असलेलं घर म्हणजे मेलेलं घर. जित्या माणसांना थडग्यात बसवू का?"

इंजिनियर मैदानी मुलखातला. यांच्यात असंच असेल, असं समजून त्यानं सही केली. त्याला काय दोष द्यायचा? पण आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की तुंदुकवर नमद्याचा पडदा असतो आणि आभाळ भरून आलं की घरची बाई दोर ओढून तो झाकते. आकेंनी घर बांधलं. घरची बाई कुठून आणायची, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

ती त्यांच्याच घरातून आली. त्यांचं घर थांब्याच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे. पहिल्याच पावसात लोक भिजले आणि शिव्याशाप सुरू झाले, तेव्हा झूराकान-एजेंनी, त्यांच्या बायकोनं, आठ दिवस बसून जाड नमदा शिवला, त्याला घोड्याच्या केसांचा दोर लावला आणि घुमटावर चढवला. तेव्हापासून पाऊस आला की एजे डोक्याचा रुमाल सावरत रस्ता ओलांडायच्या, दोर ओढायच्या आणि परत जायच्या. आमच्यात नवी सून पहाटे उठून पहिलं हेच दोर ओढायचं काम करते, त्यामुळं बायका चिडवायच्या, "काय ग, सरकारची सून! सासूबाईंचा चहा झाला का?"

"तुझी सासू सांभाळ आधी," एजे म्हणायच्या. "माझी तरी काँक्रीटची आहे, बोलत नाही."

तेवीस वर्षं त्यांनी तो दोर ओढला. मग त्या गेल्या. एकुलती एक मुलगी गुलसाना नवऱ्याबरोबर रशियात, येकातेरिनबुर्गला गेली. ती गेली ती माझ्याच बसमधून. त्यानंतर दोर आकेंच्या हाती आला. "म्हातारपणी सून झालो बघ, मेदेर," ते मला हसत सांगायचे. गुलसाना दर रविवारी फोन करायची, "अता, इकडं या, एक खोली रिकामीच आहे." त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मी आलो तर पडदा कोण ओढेल?" मला ते खोटं कारण वाटायचं. तसं नव्हतं. त्या घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. पाऊस आला की रस्त्यापलीकडून कुणीतरी हाक मारायचं, तेवढंच काय ते माणसाचं बोलणं. पाऊस लांबला की ते ओट्यावर बसून डोंगराकडं बघत राहायचे. मी हॉर्न वाजवून पुढं जायचो. थांबायला हवं होतं.

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. एप्रिलमध्ये एका सकाळी पावसात बर्फ मिसळून पडायला लागलं आणि आकेंना खाटेवरून उठायलाच अर्धा तास लागला. तोवर थांब्यात एक बाई तीन महिन्यांचं बाळ घेऊन त्या झरोक्याखाली चिंब झाली होती. बाळाला ताप भरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. बाळ वाचलं. पण ती बाई गावप्रमुख सालतनतची भाची होती.

सालतनत मनाची वाईट नाही, जीभ तेवढी तिखट. दुसऱ्याच दिवशी ती आकेंच्या ओट्यावर आली. मी चहाला बसलो होतो.

"आके, जिल्ह्यानं पत्र्याचा थांबा मंजूर केलाय. बर्फ पडायच्या आत तुमचं हे पाडतात."

"कसला तो पत्र्याचा डबा! त्यात माणूस बसेल की कोंबडी?"

"कोंबडी कोरडी तरी राहील."

मग सालतनत जरा हळू आवाजात म्हणाली, "भोक बुजवलंत तर पाडू देणार नाही. घोडी राहील, सगळं राहील. माझा शब्द."

"काच लावूया?" मी मध्येच तोंड घातलं.

"पोरं दोन दिवसांत फोडतील," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

आता हे बाहेरच्यांना क्षुल्लक वाटेल. पण आमच्यात सगळ्यात वाईट शाप कोणता? 'तुझा धूर विझो.' ज्याच्या मागं कुणी उरलं नाही, त्याचं तुंदुक कायमचं झाकलं जातं. आकेंना मुलगा नव्हता, बायको गेली, मुलगी परमुलखात. आपल्या हातानं ते झाकायचं म्हणजे आपण संपलो हे आपणच गावाला सांगायचं. न झाकावं तर घोडीवर बुलडोझर. तो सगळा उन्हाळा ते जेवले किती आणि झोपले किती, देव जाणे.

त्याच उन्हाळ्यात एक परदेशी बाई आली. झरोक्यातून पडणाऱ्या उजेडात उभं राहून तिनं स्वतःचे फोटो काढवून घेतले आणि छातीवर हात ठेवून दुभाष्यामार्फत सांगितलं, "हे कधीच बंद करू नका!"

आकेंनी विचारलं, "बाईसाहेब कोणती बस पकडणार?"

"बस? नाही, त्यांची गाडी आहे."

आके हसले. त्या संध्याकाळी त्यांनी मला सिमेंट आणायला सांगितलं.

सप्टेंबरात आम्ही काम केलं. मी बादल्या वर चढवत होतो, ते घुमटावर गुडघा आखडून बसले होते. आधी एजेंचा नमदा सोडला, घडी केली. मग मधली एक सोडून खालून फळ्या ठोकल्या, वर जाळी अंथरली, काँक्रीट ओतलं. शेवटचा वीतभर भाग उरला तेव्हा ते बराच वेळ आत वाकून बघत बसले. मी विचारलं, "काय दिसतंय?" म्हणाले, "बाक." मी खालून शेवटची फळी ठोकली, त्यांनी थापी फिरवली.

पुढच्या पावसात बसमध्ये सगळी कोरडी माणसं चढली. सगळे खूश होते. मी खाली उतरून समोरच्या घराकडं पाहिलं. आके काठी टेकत दारात येऊन उभे होते. कुणी हाक मारली नाही. कुणाला मारायची गरजच नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी दार लावून घेतलं. त्या रविवारी गुलसानाला सांगायला त्यांच्याकडं कारण उरलं नव्हतं.

ऑक्टोबरात ते गुलसानाकडं जायला निघाले. मी फाट्यावर पोचलो तर थांब्यात एकटेच बसले होते, कडेला एक पिशवी. बस भरलेली होती, मी त्यांच्यासाठी पुढची जागा राखली होती. आत जाऊन बघतो तर आके स्वतःच्या पायांकडं बघतायत. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते.

"मेदेर, हा बाक उंच आहे रे."

"आहे ना. सगळ्यांचीच मांडी आखडते."

"घोडीच्या पोटाच्या रेषेत यावा म्हणून मी तो वर घेतला होता." जन्मभर ते खात्याच्या ट्रकमधून नाहीतर स्वतःच्या मोटारसायकलवरून फिरले. आपल्या थांब्यात बसची वाट पाहत ते पहिल्यांदाच बसले होते. "चाळीस वर्षांत कुणी बोललं कसं नाही?"

"छताच्याच तक्रारी इतक्या होत्या, आके, की बाकापर्यंत कुणी पोचलंच नाही."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. बाकाच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "झूराकान दवाखान्यात जायची ती इथूनच. शेवटचं वर्षभर, दर आठवड्याला. ती तर माझ्याहून बुटकी." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ती सगळं बोलायची रे मला. हेच का नाही बोलली?"

बसमधले लोक खोळंबले होते. मी पिशवी खांद्याला लावली आणि दोन्ही हातांनी धरून त्यांना बाकावरून खाली उतरवलं.