पुरातला पहारा

पूर्णेच्या पात्रात एक बेट होतं. वीसेक घरं, सगळी भाजीपाला पिकवणारी. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळात मी काठावरच्या गावात शाळामास्तर होतो. शाळा सुटली की डोंग्यात बसून बेटावर जायचो आणि पेटीवर भजनं शिकवायचो. पोहता येत नव्हतं, पण तिथं मला मान फार होता आणि मला तो आवडायचा.

श्रावणात सप्ताह बसवायची टूम माझीच. म्हातारे म्हणाले, "नदी उतरू द्या, गुरुजी." काठावरचे श्रावणात करतात, मग आपणच का मागं राहायचं, असं म्हणून मी सगळ्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकानं आपला पहारा, म्हणजे पाळी, संपेपर्यंत उभं राहून वाजवायची, पुढच्यानं त्याच्या हातातून घ्यायची. ही शिस्त मी त्यांना छडी घेतल्यासारखी शिकवली होती.

पाचव्या दिवशी दुपारी काठावर आलो तर नदी चढलेली. आमच्याकडे थेंब नव्हता, पण वर सातपुड्यात कोसळला असावा. पाणी तांबडं झालं होतं, फेस आणि मुळासकट झाडं वाहत होती. बेटावरची माणसं गाठोडी, शेरडं घेऊन काठावर बसली होती. पलीकडे बेटावरच्या देवळाच्या ओट्यावर एकच माणूस उभा होता, खांद्याला वीणा लावून. त्याच्यानंतरचा पहारा माझा होता.

नावाडी म्हणाला, "पाणी ओट्याले लागून राह्यलं. लय समजावलं त्याले. म्हणते, गुरुजीच्याच हातात देईन. अजून एक खेप होते. चाला, बसा."

माझा पाय उचलेना.

"येईल तो आपसूक. वेडा आहे का?" मी म्हणालो. तेही मास्तरी आवाजात. त्याची आजही लाज वाटते.

ओट्यावरच्या माणसाची बायको गाठोड्यावरून उठली. पदर खोचून नावाड्याला म्हणाली, "मले न्या. माह्या हातात देतीन ते."

बाईच्या हाती वीणा द्यायची आमच्याकडे रीत नव्हती. ती माझ्याकडे बघत क्षणभर थांबली. मी खाली पाहिलं.

डोंगा प्रवाहाच्या वरच्या अंगाला ओढत नेऊन, तिला बसवून सोडला. कसाबसा तो ओट्याला लागला. परतताना मधल्या धारेत दोन गिरक्या खाल्ल्या आणि एका वाहत्या झाडाआड गेला, तो दिसेचना. देवाचं नाव घ्यायलाही मला तोंड नव्हतं.

डोंगा खाली वळणावर काठाला लागला. आम्ही धावलो. नवरा ओंजळीनं डोंग्यातलं पाणी उपसत होता. ती वीणा उराशी धरून बसली होती, बोट तारेवर चालू होतं.

मी हात पुढे केले. "द्या, माझा पहारा आहे."

"राहू द्या, गुरुजी," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

उरलेला सप्ताह काठावरच्या देवळात झाला. वीणा तिच्या नवऱ्यानं घेतली, नावाड्यानं घेतली, म्हाताऱ्यांनी घेतली. कोणी मला वावगा शब्द बोललं नाही. माझी पाळी आली की ती उठायची आणि पुढे होऊन वीणा घ्यायची.