बायकांच्या दारावरची मावशी

"पडदा हाय त्यो, माय. पडद्याला काय भ्यायचं?"

तिकीट फाडताना मावशी हे प्रत्येक लेकराला म्हणायची. म्हणताना हसायची नाही. अर्धा तुकडा आपल्या हातात द्यायची आणि मागच्या बाईकडे बघायची. त्या वर्षांत पालमच्या टॉकीजला कधी गेला असाल, तर बायकांच्या दारापाशी स्टुलावर बसलेली ती तुम्हालाही आठवेल. उंच, हाडकुळी, डोक्यावरून पदर घेतलेली. तिचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या, तिच्यापेक्षा म्हाताऱ्या बायकासुद्धा.

टॉकीज म्हणजे पत्र्याचं लांबलचक शेड. मध्ये कठडा, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. बायकांना वेगळं दार होतं आणि त्या दारावर ही. काही बायका तिकीट तिच्या हातावर वरून सोडायच्या, हाताला हात लागू नये म्हणून. ती तळवा पसरून तशीच थांबायची. पाण्याचा तांब्या ती घरून आणायची आणि स्टुलाखाली ठेवायची.

भुताचा तो सिनेमा गावात आला तेव्हा मी तिसरीत होते. सगळीकडे गाजून, रीळ पार घासल्यावर तो आमच्याकडे आला, पण आठवडाभर आधीपासून गावात दुसरा विषय नव्हता. टांग्यावर पोस्टर फिरलं. त्यावर लांब नखांचं भूत विहिरीतून वर येत होतं. परभणीत एक बाई खुर्चीतच गेली, अशी बातमी आली. ती कोण, कुठली, हे कुणालाच सांगता येईना, पण तिच्यासाठी सगळ्या हळहळल्या. आमचा धाकटा काका पहिल्याच खेळाला जाऊन आला. "काहीच न्हाई त्यात, निस्ता रंग लावलाय," असं सगळ्यांना सांगत फिरला. दिवेलागणीला मात्र परसात जाताना त्यानं आईला म्हटलं, "वहिनी, जरा कंदील धरून उभं ऱ्हाता का?"

आई मला दुपारच्या खेळाला घेऊन गेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत काळोख. मी आईच्या पदरात तोंड घातलं ते काढेचना. तेव्हा मावशी शेजारी येऊन उकिडवी बसली. तिनं तो सिनेमा किती वेळा पाहिला असेल कोण जाणे.

"आता यायलंय बघ. झाक डोळे," ती म्हणाली.

मी डोळे झाकले. पत्र्याखाली एकच किंकाळी उठली.

"झालं. उघड."

मग ती पुढच्या रांगेतल्या पोराकडे सरकली. अशी ती सगळ्या बायकांच्या बाजूनं फिरत होती. एक नवी नवरी थरथर कापत होती, तिला मावशीनं शेवटच सांगून टाकला. "मरतंय ते आखरीला. बस निवांत." बाजूच्या बाईला याचा राग आला. तिला शेवट कळायला नको होता.

शेवटी भूत मरतं ते असं. गावातले लोक मशाली घेऊन जमतात, भुताला एका झोपडीत कोंडतात, बाहेरून कडी घालतात आणि झोपडी पेटवून देतात. लोक यायला लागले की पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू व्हायच्या. झोपडी पेटली की टाळ्या. बायकाही पदर सावरून नीट बसायच्या, कारण भिण्याचं आता संपलेलं असायचं.

मशाली दिसल्या आणि मावशी उठली. दार ढकलून बाहेर गेली. मला वाटलं, आता काहीतरी फार भयंकर यायचं असेल, म्हणून ही निघाली. मी तिच्या मागोमाग बाहेर पळाले.

ती भिंतीला टेकून उभी होती. उन्हाकडे बघत होती, डोळे न मिटता.

"मावशी, तुमालाबी भेव वाटायलंय का?"

"न्हाई."

"मंग भायर कामून आलाव?"

तिनं स्टुलाखालचा तांब्या उचलला. तांब्यातलं पाणी मला देऊ लागली, मग काय वाटलं कोण जाणे, तांब्या मागे घेतला. आतून टाळ्या ऐकू आल्या. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "झालं. जाय आता, आई बघायली असंल."

पुढच्या आठवड्यात पोखर्णीहून काकू आली, तिलाही सिनेमा बघायचा होता. जागा मिळावी म्हणून आम्ही लवकर गेलो. दारापाशी टॉकीजचे मालक मावशीला बोलत होते. माणूस वाईट नव्हता, पण जेरीला आला होता. शेवटच्या भागात गावातली पोरं बायकांच्या दारातून फुकट आत घुसत होती.

"तुमी नेमकं त्याच टायमाला भायर निघताव," मालक म्हणाले. "दार उघडं ऱ्हातंय. आजपसून त्या वक्ताला भायरून कडी लावायची."

"कडी लावत न्हाई मी."

"कामून?"

मावशी स्टुलावरून उठली. आवाज तिकीट मागतानाचाच होता.

"मालक, नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती पेटवली. मी शेतात व्हते. सासू अन् माझं लेकरू घरात. घराला भायरून कडी घातलेली व्हती. मी आले तवर सगळं झालं व्हतं. मी कडी लावत न्हाई."

 आई पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. काकूनं माझा हात घट्ट धरला. मालक म्हणाले, "ते तिकडचं झालं, बाई. माझा धंदा हाय. तुमच्यानं न्हाई व्हत तर मी लावतो." आणि ते निघून गेले. मावशी खाली बसली, तिनं हात पुढे केला. आम्ही तिकिटं दिली. तिनं फाडून परत दिली. "पडदा हाय त्यो, माय," असं ती मला म्हणाली नाही. बहुतेक मी सिनेमा आधी पाहिला होता म्हणून असेल.

त्या दिवशी आणि पुढेही तसंच चाललं. मशाली दिसल्या की मावशी बाहेर. मालक येऊन कडी लावायचे आणि मशीनच्या खोलीकडे जायचे. त्यांची पाठ वळली की मावशी कडी काढायची आणि दारापुढे उभी राहायची. पोरांना ती आत सोडायची नाही. मालकांना हे कळत होतं की नाही, सांगता येत नाही.

सिनेमाचे शेवटचे दिवस होते. मावशी भुताचं आधी सांगते म्हणून मला धीर आला होता, आणि मी आईबरोबर पुन्हा गेले होते. बायकांची बाजू खच्चून भरलेली. झोपडी पेटली, टाळ्या सुरू झाल्या आणि रीळ अडकलं. पडद्यावरची आग जागच्या जागी थांबली. मग तिच्यात एक तपकिरी फोड आला, तो पसरत गेला आणि सगळा पडदा गिळून अंधार झाला. जळका वास सुटला. कुणीतरी ओरडलं, "आग लागली."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माझ्या पायावर कुणाचा तरी पाय. आईच्या बांगड्या फुटल्याचा आवाज. सगळ्या बायका एकदम दाराकडे सुटल्या, आणि दार ढकलताच उघडलं. दारात मावशी उभी होती, मागे पांढरं ऊन. ती आत वाकून हाताला लागेल त्या बाईला धरून बाहेर ओढत होती. आता तिचा हात धरताना तो कुणाचा हे कुणी बघत नव्हतं. लेकरं तिनं उचलून उचलून बाहेर ठेवली. तोंडानं एकच चाललं होतं, "चला. चला. चला." तिकीट फाडल्यासारखं.

आग लागलीच नव्हती. नुसतं रीळ जळालं होतं. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचं मनगट मुरगळलं, बाकी सगळ्या बाहेर आल्या. मालक धावत आले, उघड्या दाराकडे बघितलं, कडीकडे बघितलं आणि तिथंच मातीत बसले.

मावशीच्या हातात एक तान्हं लेकरू राहिलं होतं. त्याची आई घेरी येऊन पडली होती, तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं होतं. मावशी भिंतीच्या सावलीत मांडी घालून बसली. लेकरू रडून रडून झोपलं. आई मला म्हणाली, "चल घरी," पण ती स्वतःच हलत नव्हती. ऊन कलायला लागलं तेव्हा लेकराचा बाप आला, त्यानं हात जोडले आणि लेकरू घेतलं. मावशीचे दोन्ही हात तसेच वाकलेले राहिले, मांडीवर. आईनं जाऊन ते हळूच खाली केले.

आई तिला घरी चहाला बोलवत होती. "येते की," मावशी म्हणाली. आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती टॉकीजला आली नाही. मालकांनी माणूस धाडला. "आता न्हाई व्हत," एवढाच निरोप आला. चुडाव्याला तिचा भाऊ होता, त्याच्याकडे गेली असं कुणी म्हणालं. दारावर दुसरी बाई आली. तिला कडी लावायला कुणी सांगितलं नाही. पुढे व्हिडिओ आले आणि टॉकीजमध्ये कापसाचं गोदाम झालं.

शेवटी विद्यापीठाचं नामांतर झाल्याची बातमी रेडिओवर लागली, तेव्हा मी परभणीला कॉलेजात होते, संक्रांतीसाठी घरी आलेली. बाहेर एका गल्लीत फटाके वाजत होते, दुसऱ्या गल्लीतली दुकानं भराभरा बंद होत होती. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. बातमी संपेपर्यंत तिनं वर बघितलं नाही.

मग म्हणाली, "तिचं लेकरू आज तुझ्याएवढं असतं."

आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.