बकुळाचा डूख

मिरकरवाड्यात बकुळाशी वाकडं घेणं म्हणजे काय, ते ज्याने घेतलं त्यालाच विचारावं. शेजारच्या नंदाने एकदा तिची मासळीची पाटी पायाने सरकवली. झालं! नंदाच्या मुलीच्या लग्नात बकुळा नवी साडी नेसून गेली, आहेर दिला, आणि सगळ्यांदेखत न जेवता घरी परत आली. नंदा अजून त्या लग्नाचं नाव निघालं की विषय बदलते.

अशा बाईचा जीव अडकला होता एका माशात. हसू नका. तिचा नवरा रघुवीर ट्रॉलर हाकणारा तांडेल होता. जाळ्यात जिवंत आलेले रंगीत मासे तो बादलीतून घरी आणायचा आणि बाहेरच्या खोलीत काचेच्या मोठ्या टाकीत समुद्राच्या पाण्यात सोडायचा. सगळे खायचे मासे आणतात आणि हा मेला बघायचे आणतो, म्हणून बकुळा त्याला जन्मभर बोलली. त्यातला एक काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, जाड ओठांचा, काचेला तोंड लावून सगळ्यांकडे रागाने बघणारा. रघुवीरने त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं. रघुवीर काविळीने गेला, आणि त्याने सांभाळलेलं, हलतं-चालतं असं घरात तेवढंच उरलं. मग बकुळाच संध्याकाळी टाकीसमोर बसून सरपंचाला दिवसभराचे मासळीचे भाव सांगायला लागली.

ऑक्टोबरच्या भर उन्हात वाड्यातला ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी गेलेली वीज दुपार झाली तरी येईना. टाकीचा हवेचा पंप बंद, आणि मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. समोर दत्तारामचा जनरेटर धडधडत होता. दत्ताराम म्हणजे रघुवीरचा होडीतला भागीदार, धाकट्या भावासारखा. बकुळा त्याला भावजी म्हणायची. ती गेली आणि म्हणाली, भावजी, पंपापुरती वायर टाका. त्याच्या फ्रीजरमध्ये कोळंबी भरलेली. त्याने मान वर न करता सांगितलं की लोड वाढला तर सगळंच बंद पडेल, आणि वर हसून म्हणाला, "वैनी, माणसांना पंखा नाय आणि तू माशांना वारा घालतेस?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. बकुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच मागे फिरली.

घरात येऊन बघते तर मासे आडवे व्हायला लागलेले. आता जन्मभर मासळीत हात घातलेल्या बाईला मासा बिघडतोय म्हटल्यावर काय सुचणार? बर्फ! दारात थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा होताच. तिने घमेल्याने भरभरून टाकीत ओतला, अगदी पापलेटावर घालावा तसा. क्षणभर मासे खाली गेले, तिला वाटलं शांत झाले. संध्याकाळपर्यंत सगळे तळाला होते. एकटा सरपंच कोपऱ्यात तिरका पडून कल्ले हलवत होता.

वीज दुसऱ्या दिवशी आली. तोवर बकुळाने अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असा दत्तारामचा उद्धार केला. माझ्या घरातला जीव ह्याने मारला, ह्याच्या होडीला मासळी लागू नये, ह्याच्या कोळंबीला किडे पडोत. दत्ताराम दाराआड बसून ऐकत होता. दुसरं काय करणार?

गावातल्या शोभेच्या माशांच्या दुकानाचा नितेश आला. त्याने मेलेले मासे काढले, फिल्टरमधला कुजलेला गाळ उपसला, खायला काही घालू नका म्हणाला, आणि समुद्राचं स्वच्छ पाणी मागितलं. बंदरातलं नको, त्यात डिझेल असतं. बाहेरचं, खोल पाण्यातलं हवं. आता बकुळाने कोणाच्या होडीला हात जोडायचे? एवढ्यात दत्ताराम दारात उभा राहिला. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. पहाटे बाहेर गेला होता, तिथून भरून आणलेले. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

नितेशने काचेची नळी टाकीत सोडून क्षार मोजला आणि कपाळाला हात लावला. "पाण्यातलं मीठ केवढं उतरलंय! हवेअभावी एवढे मासे एका दुपारीत गेले नसते. ह्यात गोडं पाणी कोणी घातलं?"

दारात नंदा होती, शेजारपाजार होता. बकुळाची नजर बर्फाच्या रिकाम्या पेटीवर गेली. दत्तारामचीही तिथेच गेली. मासळीवाला तो, बर्फ वितळला की गोडं पाणीच, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं. मग तिने दत्तारामकडे हात लांब केला.

"ह्याने. बर्फ टाक म्हणून ह्यानेच सांगितलं."

दत्तारामने तिच्याकडे बघितलं. ती वाटच बघत होती, की आता हा खोटं म्हणेल, आणि मग आपण ह्याला उभा चिरू. त्याने कॅन खाली ठेवले आणि गेला.

बघता बघता गोष्ट बंदरभर झाली. लिलावात पोरं त्याला "दत्ताभाऊ, आमच्या माशाला पण बर्फ सांगा की" म्हणायला लागली. बकुळाला केवढा आनंद झाला! तीही मोठ्याने हसायची. इकडे नितेशने सांगितल्याप्रमाणे ती रोज थोडं जुनं पाणी काढून थोडं नवीन घालत होती, मीठ हळूहळू चढवत होती. पाणी दत्तारामच आणायचा, दारात ठेवून निघून जायचा. सरपंच आधी सरळ झाला, मग कोपरा सोडून पुढे आला, आणि एका सकाळी काचेला तोंड लावून पहिल्यासारखा रागाने बघायला लागला. बकुळा त्याच्यासमोर बसून ढसाढसा रडली.

पण दत्ताराम भांडेना, ह्याने तिचा जीव नकोसा झाला. उलटून बोलेल तर उट्टं काढता येईल. गप्प राहणाऱ्याचं काय करायचं? शेवटी एकदा तो कॅन ठेवून वळला तेव्हा ती उंबरठ्यावर आली.

"बर्फ मी टाकला होता. तुला माहीत आहे. मग चारचौघांत बोलत का नाहीस?"

दत्तारामने गमछ्याने हात पुसले.

"वायर दिली असती, तर बर्फ टाकायची पाळीच आली नसती, वैनी."

तो रस्ता ओलांडून घरात गेला. बकुळाने कॅन उचलायला हात लावला, पण तो तिला उचलवेना.