अण्णांच्या गंगव्वाची बुडी

सबंध सोलापूर जिल्ह्यात समुद्राविषयी अधिकारवाणीने बोलू शकेल असा एकच माणूस आहे, आणि त्याने अजून समुद्र पाहिलेला नाही. सात रस्त्याजवळ ज्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी अठरा वर्षं भाड्याने राहतो, तो हा माणूस. आमचे घरमालक, ज्वारीचे व्यापारी, अण्णा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बंडी, आणि मूठभर ज्वारी तळहातावर नुसती खेळवून ती मंगळवेढ्याची की दुसरीकडची हे सांगण्याची ख्याती. पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता. एकदा उजनीच्या काठी कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, तर एवढं पाणी बघून त्यांना गरगरायला लागलं आणि सगळं जेवण त्यांनी धरणाकडे पाठ करून उरकलं. असे हे अण्णा हल्ली ज्वारी तोलता तोलता गिऱ्हाइकाला ऐकवतात, "सील पाण्यात जाताना श्वास भरून घेत न्हाय, सोडून जातंय. आपण उलटं करतो. म्हणून तर बुडतो की!"

हा सगळा प्रताप त्यांच्या एकुलत्या लेकीचा. शाळेत मीच तिला शिकवलं, त्यामुळे थोडा दोष माझ्याकडेही येतो. अण्णांना वाटत होतं, मुलगी डॉक्टर होऊन दुकानासमोर दवाखाना टाकेल. ती गेली ऑस्ट्रेलियाच्या खालच्या टोकाला, हत्तीसील नावाच्या अगडबंब जनावरांचा अभ्यास करायला. एका मादीच्या डोक्यावर तिने मुठीएवढं यंत्र चिकटवलं. मादी श्वासाला वर आली की ते यंत्र उपग्रहाला खबर देतं, किती खोल गेली होती, किती वेळ होती. त्याचा आलेख अण्णांच्या फोनवर यायचा आणि संध्याकाळी पाचच्या ठोक्याला लेकीचा फोन. आलेखावरची अक्षरं इंग्रजी, म्हणून मी लागायचो. फोन स्पीकरवर, आणि बोलणं माझ्यासाठी मराठीत. घरात ते कानडी बोलतात, आणि अठरा वर्षांत मला कानडी आलं आहे ते जेवायला बसण्यापुरतं. मादीला तिकडे नुसता नंबर होता. अण्णा म्हणाले, "नंबर कैद्याला असतोय." आणि तिचं नाव गंगव्वा ठेवून मोकळे झाले.

अडचण एकच होती. अण्णांच्या सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा शिवलेलं नाही आणि गंगव्वाचं सगळं आयुष्य मासे गिळण्यात चाललेलं. न चावता, अख्खे. अण्णांनी त्यावर व्यापाऱ्याला शोभेल असा तोडगा काढला. ते माशाला 'माल' म्हणू लागले. गंगव्वा दिवसा फार खोल जाते आणि अंधार पडल्यावर तेवढी जात नाही, असं का, हे मला आलेख बघून कळत नव्हतं. त्यांना लगेच कळलं. "मास्तर, उजेडात माल खाली दडतोय, अंधारात वर येतोय. माल तितं गिऱ्हाईक." लेकीने फोनवर हे ऐकलं आणि म्हणाली की अगदी असंच आहे. त्यानंतर आठवडाभर अण्णांशी बोलायची सोय राहिली नाही. मी एकदा मुद्दाम म्हणालो, "अण्णा, मासे म्हणतात त्याला." तर म्हणाले, "म्हणत असतील. आपल्या दुकानात म्हणायचं न्हाय."

ऐकीव ज्ञानावर मात्र त्यांचा विश्वास नाही. गंगव्वा अर्धा-अर्धा तास खाली राहते, तिचं काळीज तेवढा वेळ अगदी सावकाश चालतं आणि प्राणवायू रक्तात न् मांसात साठवलेला असतो, हे कळल्यावर त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. भर दुपारी पोत्यावर मांडी घालून सगळा श्वास सोडला, नाक चिमटीत धरलं आणि डोळे मिटून मनात आकडे मोजायला लागले. तेवढ्यात मंगळवेढ्याचा एक शेतकरी दुकानात शिरला. त्याला दिसले लालबुंद झालेले, नाक दाबून बसलेले अण्णा. त्याने "फिट आली!" म्हणून ओरडून बाजार गोळा केला, कुणीतरी कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला, कुणी चप्पल काढली. अण्णा डोळे उघडून खेकसले, "कांदा काढ आधी! अठ्ठावीसपर्यंत गेलतो की!" त्या दिवसापासून गंगव्वाविषयी त्यांच्या बोलण्यात आदर आला.

आणि 'सील' या शब्दाने तर कहरच केला. एकदा वादळात दोन दिवस गंगव्वाची खबर आली नाही. अण्णा शेजारच्या दुकानदाराला चहा पिता पिता म्हणाले, "सीलचं काय खरं न्हाय. परवापासून काळजी लागलीया." दुपार टळेपर्यंत बाजारभर झालं की अण्णांच्या दुकानाला सील लागलं. चार जण तोंड पाडून भेटायला आले. एक तर ओळखीच्या वकिलाला घेऊनच आला. अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला, पण गैरसमज काही दूर केला नाही, कारण तेवढ्यात पाच वाजले आणि गंगव्वा वर आल्याचं कळलं. "आली, आली!" म्हणून ते ओरडले, आणि वकिलाला वाटलं, नोटीसच आली.

मी हसायचो, पण पाच वाजता न चुकता जिना उतरायचो. कारण मला एक गोष्ट माहीत होती. लेक परदेशी गेली तेव्हा अण्णा तिला स्टेशनवर पोचवायलाही गेले नव्हते. पुढची तीन वर्षं फोनवर "बरी हाईस?" "बरी आहे," एवढंच चालायचं, आणि मग दोघंही फोन ठेवायला दुसऱ्याची वाट बघायची. गंगव्वाने त्यांना विषय दिला. गंगव्वा अधूनमधून न पोहता, नुसती अंग सोडून झोपेतच खाली खाली जाते. रोडावली असली तर झरझर बुडते; चरबी चढली की सावकाश. म्हणजे तिचं पोट भरतंय की नाही, ते तिच्या झोपेवरून कळतं. हे समजल्यापासून अण्णांचा रोजचा पहिला प्रश्न ठरला, "आज कशी बुडली?" लेक म्हणायची, "कालच्यापेक्षा सावकाश, अण्णा." की अण्णा खूश. मग मालाची आवक, तिकडची थंडी, बर्फ, असं करत बोलणं वीस-वीस मिनिटं लांबायचं. बापलेकीचं एवढं बोलणं मी अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

गेल्या महिन्यात लेकीने सांगितलं, "अण्णा, गंगव्वा आता किनाऱ्यावर येईल. वर्षातून एकदा त्यांचे सगळे केस झडतात. त्याबरोबर यंत्रही गळून पडतं."

"दुसरं चिकटव की."

"माझं हे काम संपलं, अण्णा. आता नुसतं लिहायचं."

फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ तराजूच्या पारड्यावरून हात फिरवत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, आता कशाला फोन करील ती?" शिकवण्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढून उपयोगी असं एक वाक्य माझ्यापाशी नव्हतं. पुढचे चार-पाच दिवस आम्ही आलेख आधीपेक्षा जास्त निरखून पाहिले. शेवटच्या बुड्या फार सावकाश होत्या. गंगव्वा भरल्या पोटी किनाऱ्याला लागली.

नंतर ज्या दिवशी आलेख आला नाही, त्या दिवशीही मी सवयीने खाली गेलो. अण्णा फोन समोर ठेवून बसले होते. पाच वाजून गेले. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी "उद्या या," म्हणून वाटेला लावलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होतो. सव्वापाचला फोन वाजला. मी स्पीकर लावून दिला.

"अण्णा, यंत्र पडलं."

"बरं झालं. डोस्कं हलकं झालं असंल तिचं."

मग दोन्हीकडे शांतता. ती इतकी लांबली की सीलांविषयी जे काही तोंडात येईल ते बोलून टाकावं, म्हणून मी घसा खाकरला. अण्णांनी हाताने मला थांबवलं. फोन उचलून तोंडाजवळ नेला आणि कानडीत विचारलं, "यावाग बर्ती?"

कधी येतेस, एवढं मलाही कळलं. पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला, मग ती कानडीत बोलायला लागली, भरभर, न थांबता. अण्णा ऐकत होते. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मास्तर, हे स्पीकर कसं बंद करायचं, दाखवा की जरा."

मी बटण दाखवलं आणि वर आलो.

लेक दिवाळीला येणार आहे. फोन अजून रोज येतो, पाचलाच, आणि चांगला अर्धा-पाऊण तास चालतो. मी माझा चहा आता वरच घेतो. अण्णांचं सगळं छान चाललं आहे, मला त्याचा खरोखर आनंद आहे. फक्त पाच वाजले की मलाच चुकल्यासारखं होतं. गंगव्वा पुन्हा पाण्यात उतरली असेल, त्या काळ्याभोर थंडीत अंग सोडून खाली खाली जात असेल. आज कशी बुडली, हे मी आता कुणाला विचारू?