वादी उतरली तो शुक्रवार

नव्वदच्या दशकात आमची पलटण काश्मीर खोऱ्यात होती. मी सिग्नल प्लाटूनमध्ये. गाव खेड तालुक्यातलं, नाव दत्ताराम शिंदे. माझ्या बंकरमध्ये दुसरी खाट होती पास्कल मच्याडोची. तो वसईचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एकाच सेंटरला ट्रेनिंग केलं, एकाच जहाल उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या. पलटणीत याला बॅचमेट म्हणतात. भावापेक्षा थोडं कमी, शेजाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त.

आमच्या पोस्टखालून नदी वाहायची. तिच्यात ट्राउट मासे होते. इंग्रजांनी आणून सोडलेले, असं आमचे कंपनी कमांडर सांगायचे. त्यांना आम्ही मेजर साहेब म्हणायचो, इथेही तेवढंच लिहितो. त्यांच्याकडे फ्लाय रॉड होता, मासे धरायची लवचीक काठी. गळाला गांडूळ किंवा पीठ लावायचं नाही. कोंबड्याच्या पिसाची, दोऱ्याने बांधलेली खोटी माशी लावायची. तिला वजन नसतं. वजन असतं दोरीला. ती जाड, पिवळी दोरी डोक्यावरून मागे जाते, सरळ होते, पुढे येते आणि माशी पाण्यावर अलगद टेकते. पास्कल साहेबांचा रेडिओ ऑपरेटर होता. साहेब नदीवर गेले की तो सेट पाठीवर घेऊन मागे उभा असायचा. बघून बघून शिकला. पुढे साहेब स्वतःच रॉड त्याच्या हातात देऊ लागले.

एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून पाणी दुधाळ आणि जोरदार यायचं, तेव्हा काही लागत नसे. जूननंतर पाणी निवळायचं. सप्टेंबरात तळाचे गोटे दिसायचे आणि मासा सावली पडली तरी पळायचा. हिवाळ्यात साहेब रॉड पुसून ठेवायचे. त्या काळात मासे अंडी घालतात, त्यांना छळायचं नाही, हा त्यांचा हुकूम होता.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये साहेबांची गाडी सुरुंगावर गेली. पास्कल त्या दिवशी तापाने पडला होता, त्याच्या जागी मी सेटवर होतो, पण मागच्या गाडीत. मेसेज मीच दिला. साहेबांच्या पत्नी सामान न्यायला आल्या तेव्हा त्यांनी रॉड पास्कलला दिला. म्हणाल्या, "हा घरी भिंतीवर मला बघवणार नाही."

पास्कल नाईक म्हणून बाहेर पडला, मी हवालदार म्हणून. पेन्शनवर घर चालत होतं, पण मुलांची शिक्षणं चालत नव्हती. आधी तो मस्कतला गेला, समुद्राकाठच्या एका हॉटेलात स्टोअरला. त्याच्या ओळखीने मी गेलो. एका रस्ता बांधणाऱ्या कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर. राहायला अल हैलला, सहा जणांत एक खोली. पास्कल अल खौदला. मधे पिकअपने थोडंच अंतर.

तो रॉड त्याने सोबत आणला होता. कस्टमवाल्याने रॉडची नळी उघडून विचारलं, बंदूक? पास्कल म्हणाला, मछली. कस्टमवाला हसला आणि जाऊ दिलं.

ओमानमध्ये ट्राउट नाही. पास्कलला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी तो शोधत राहिला असं म्हणायला हरकत नाही. नोव्हेंबर ते मार्च आम्ही किनाऱ्यावर जायचो. तारलीचे थवे काठाला यायचे, त्यांच्यामागे मोठे मासे. पास्कल गुडघाभर पाण्यात उभा राहून दोरी फेकायचा. हॉटेलचे पाहुणे फोटो काढायचे. मिळालेला मासा भाजून आम्ही भाताबरोबर खायचो. एप्रिलपासून समुद्र कोमट व्हायचा आणि मेपासून बाहेर उभं राहणं म्हणजे तंदुराच्या तोंडाशी उभं राहणं. त्या चार-पाच महिन्यांत रॉड खाटेखाली. ऑक्टोबरात पहाटेची हवा थोडी बदलली की पास्कलचा फोन यायचा.

"दत्ता, शुक्रवारी गाडी मिळेल?"

त्याला समुद्र पुरत नसे. त्याला वाहतं पाणी हवं असायचं. डोंगरात वाद्या आहेत. वादी म्हणजे नदीचं पात्र, पण बहुतेक काळ कोरडं; पूर आला की त्यालाही वादीच म्हणतात. काही ठिकाणी मात्र बारमाही झरे आणि डोह. त्यांत बोटाएवढे मासे असतात, पाय घातले तर कातडी कुरतडतात. पास्कल त्यांच्यासाठी मुंगीएवढ्या माश्या बांधायचा. लागला मासा की ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात. एकदा मी विचारलं, "यात काय मिळतं तुला?"

तो म्हणाला, "काही नाही. पण एवढा वेळ मला घर आठवत नाही."

त्याच्या घरी तेव्हा बरं नव्हतं. शाळेत जाणारा मुलगा सुट्टीला गेलेल्या बापाशी परक्यासारखा बोलायचा. बायको फिलोमिना फोनवर फक्त कामाचं बोलायची. दोन वर्षांनी एकदा भेटणारी माणसं काय बोलणार? आमच्या सगळ्यांचं तेच होतं. परत जाऊ असं सगळे म्हणायचो आणि व्हिसा वाढवून घ्यायचो.

तो शुक्रवार फेब्रुवारीतला. आमची कंपनी त्या वेळी एका वादीतून वर गावापर्यंत रस्ता नेत होती. पात्र मला माहीत होतं. सोबत तिसरा माणूस होता भंवरलाल, आमच्या कॅम्पचा गवंडी, राजस्थानचा. तो बाट्या फार चांगल्या भाजायचा, म्हणून त्याला घेतलं होतं. पाण्याची त्याला भीती. लहानपणापासून त्याने विहिरीपेक्षा जास्त पाणी बघितलंच नव्हतं.

डोक्यावर ऊन होतं. वर डोंगरावर काळं दिसत होतं, पण ते दूर होतं. पात्राच्या मधोमध खडीचा उंचवटा, बेटासारखा. त्याच्या पलीकडे पास्कलचा आवडता डोह. पास्कल घोटाभर पाण्यातून बेटावर गेला. भंवरलालही गेला, तिथे मागच्या पुराने टाकलेली सुकी लाकडं होती. मी काठावर पिकअपजवळ थांबलो. गाडीत कंपनीचा सेट होता. सुपरवायझरने सेटपासून लांब जायचं नाही, हा नियम मी शुक्रवारीही पाळायचो.

दुपारच्या सुमारास सेट बोलला. वरच्या साइटवरचा गार्ड.

"सुपरवायझर, गेट टू. ओव्हर."

"गेट टू, बोलो. ओव्हर."

"वादी आ गया, साब. ऊपर का पाइप सब ले गया. आपकी तरफ आ रहा है. ओव्हर."

मी हॉर्न दाबून धरला आणि हाताने खूण केली, परत या. पास्कलने लगेच ओळखलं. त्याने भंवरलालचा हात धरला आणि दोघे निघाले. पण आमच्या बाजूचा ओहोळ जास्त सखल होता, आधी तोच भरला. ते मधे पोचेपर्यंत पाणी मांडीला लागलं. भंवरलालचा पाय सरकला, तो बुडून वर आला. पास्कलने त्याला ओढून परत बेटावर नेलं. त्या क्षणी पास्कल एकटा पोहून येऊ शकला असता. वसईचा माणूस, तो कसाही आला असता. तो आला नाही.

मग आवाज आला. पाण्याचा नाही, दगडांचा. पाण्याखाली मोठे धोंडे एकमेकांवर आपटतात तो. पाणी चॉकलेटी झालं आणि चढू लागलं. एक म्हातारा ओमानी आपल्या गाडीतून उतरून धावत आला. "वादी जाय, वादी जाय," म्हणाला. वादी येतेय. आता ते सांगण्याची गरज नव्हती.

ताडपत्री बांधायची नायलॉनची दोरी गाडीत होती. टोकाला पाना बांधून मी फेकली. निम्म्यात पडली. पुन्हा फेकली, तेवढीच गेली. पास्कलने हात वर केला. थांब.

त्याने रॉड घेतला. माशी तोडून टाकली. दोन पावलं वर सरकला, कारण पाणी दोरी खाली ओढणार होतं. पिवळी दोरी त्याच्या डोक्यावरून मागे गेली, पुढे आली, मागे गेली, लांब होत गेली. वाऱ्याने पहिल्यांदा वळवली. दुसऱ्यांदा ती माझ्या बाजूच्या बाभळीवर येऊन पडली. मी धरली. मासे धरायच्या दोरीला नायलॉनचा दोर पेलणार नाही, म्हणून आधी गाडीत पडलेली गवंड्याची लाइनदोरी, भिंतीची रेघ धरायची ती, बांधली आणि तिला नायलॉनचा दोर. पास्कलने रीळ गुंडाळून लाइनदोरी ओढून घेतली, मग दोर. सगळं आम्ही सेंटरला शिकलो होतो तसं चाललं होतं. कोणी घाई केली नाही.

त्याने दोर भंवरलालच्या काखेखालून बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. भंवरलालच्या कमरेला लाइनदोरीचं टोक बांधलं आणि दुसरं स्वतःकडे ठेवलं. म्हणजे भंवरलाल पोचला की दोर परत ओढून घेता येईल. मी माझं टोक गाडीच्या हुकाला अडकवून हातात घेतलं. म्हातारा माझ्या मागे.

"ओढ," पास्कल ओरडला.

भंवरलाल पाण्यात आला आणि दिसेनासा झाला. दोर ताठ झाला. प्रवाहानेच त्याला वळवून काठाकडे आणलं, आम्ही खेचत राहिलो. काठावर घेतला तेव्हा तो श्वास घेत होता. त्याच्या कमरेची लाइनदोरी मात्र वाहत्या फांदीत गुंतून तुटली होती.

आता दोर इकडे आणि पास्कल तिकडे. बेट राहिलं नव्हतं. पाणी त्याच्या कमरेला होतं. त्याने पुन्हा रॉड उचलला. त्या पाण्यात उभं राहून तो दोरी फेकत होता, अगदी पद्धतशीर, दोरी मागे पूर्ण सरळ होऊ देऊन. ती माझ्यापासून चार हात लांब पडली. त्याने गोळा केली, पुन्हा फेकली. मी दोर कमरेला बांधून छातीपर्यंत आत गेलो. दोरी माझ्या बोटांना लागली आणि निसटली.

वरून खजुराचं अख्खं खोड आलं. पास्कलने ते पाहिलं असावं, कारण त्याने मान वळवली. खोड गेल्यावर रॉडचं टोक थोडा वेळ पाण्यावर दिसलं. मग तेही नाही.

मी पुढे जायला निघालो. म्हाताऱ्याने दोर खेचून मला मागे आणलं आणि माझा पट्टा धरून ठेवला. "खलास," तो म्हणाला. "मा फी फाइदा." उपयोग नाही. तो रडत होता. मी सेट उचलला आणि कंपनीला मेसेज दिला. एक माणूस वाहून गेला, पोलिसांना कळवा, ओव्हर. आवाज नीट आला, असं नंतर ऑपरेटरने सांगितलं.

पाणी ओसरल्यावर पोलिसांना तो बराच खाली सापडला. ओळखायला मी गेलो. त्याच्या हॉटेलच्या मॅनेजरने कागदपत्रं लवकर केली. पास्कल विमानाने घरी गेला. मला रजा मिळाली नाही.

कंपनीने वाहून गेलेला रस्ता त्याच जागी पुन्हा बांधला. पुढच्या हिवाळ्यात वादीने तो पुन्हा नेला. भंवरलाल पुढच्या जूनमध्ये वारला. बौशरला एका इमारतीच्या साइटवर, भर दुपारी, उन्हाने. दुसऱ्या कंपनीत लागला होता. मला महिनाभराने कळलं.

रजेवर आलो तेव्हा वसईला गेलो. फिलोमिनावहिनींनी चहा ठेवला. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्यांनी सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं.

"शेवटी काही बोलला का?"

"‘ओढ’ म्हणाला. भंवरलालला पाण्यात सोडताना. त्यानंतर काही नाही."

"तो माणूस बरा आहे ना? मी दर रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावते. म्हटलं, एक तरी घर राहिलं."

खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं.

चहा उतू गेला तो मुलाने उतरवला. मग त्या म्हणाल्या, "मग पास्कल कशाला गेला?"

पलटणीत अशा प्रश्नांना उत्तरं असतात. ती बिगुल वाजवून दिली जातात आणि त्या वेळी खरी वाटतात.

"मला माहीत नाही, वहिनी."

मी आणखी काही वर्षं ओमानला काढली आणि परत आलो. पलटणीच्या स्थापनादिनाला जुन्या लोकांना बोलावतात. गेटच्या आत काळ्या दगडाचं स्मारक आहे. मेजर साहेबांचं नाव त्यावर आहे, वरून तिसरं. पास्कलचं नाही. नियमाने असू शकत नाही. तो तेव्हा गणवेशात नव्हता, देशातही नव्हता. हॉटेलच्या स्टोअरमधला कामगार होता, सुट्टीच्या दिवशी मासे धरायला गेला होता. ॲडज्युटंट साहेबांना मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं.

म्हणून इथे लिहितो. नाईक पास्कल मच्याडो, सिग्नल प्लाटून. राहणार वसई.