पाहुण्यांचा कप

यावलच्या एसटी स्टँडवर भुसावळची बस लागली तेव्हा आई मला रागवत होती. "वैशे, पाण्याची बाटली उभी ठेव. आडवी ठेवशीन तर बठ्ठे कपडे ओले करशीन. अन् खिडकीतून हात काढू नको बाहेर, लहान हाय का आता तू?" मी एम.ए. करायला पुण्याला निघालेली, शेजारी कॉलेजातली ओळखीची पोरं उभी, आणि हिचं आपलं चालूच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बस वळेपर्यंत तिचं बोट हलत होतं. टाटा करत नव्हती ती, बाटली दाखवत होती.

आबा, म्हणजे माझे वडील, स्टँडवर आलेच नाहीत. केळीची कटाई आहे म्हणाले. खरं कारण माझा विषय. डी.एड. केलं तर मास्तरीण होते, नर्सिंग केलं तर नर्स. "समाजशास्त्र शिकून मानूस काय होतो?" हे त्यांनी ताटावर बसून कितीदा विचारलं असेल. मला तरी कुठे माहीत होतं! बी.ए.ला त्या एकाच तासाला मी घड्याळाकडे बघायचे नाही, एवढंच मला ठाऊक.

आता माहीत आहे. आमच्या वर्गातला एक जण परीक्षा देऊन अधिकारी झाला. एक मुलगी मोठ्या दवाखान्यात पेशंटच्या घरच्यांना धीर देते, सरकारी योजना समजावून सांगते. मी एका ॲपच्या कंपनीत युजर रिसर्च करते, म्हणजे अनोळखी बायकांच्या स्वयंपाकघरात बसून त्या मोबाईलवरून किराणा कसा मागवतात ते विचारते आणि त्याच्या स्लाइड्स बनवते. आबा गावात सांगतात, "पोरगी लोकाइले प्रश्न इचारते, त्याचा पगार भेटते." आणि ईशा पीएच.डी. करते.

ईशा माझी एम.ए.ची मैत्रीण, जन्माची पुणेकर. तिचा विषय केळीच्या बागेत राबणाऱ्या बायका. तो खरा माझ्या डोक्यातला विषय, पण विभागातल्या मॅडम म्हणाल्या, स्वतःच्या घरातलं संशोधकाला दिसत नाही, तू दुसरं काहीतरी घे. मी दुसरं काही न घेता नोकरी घेतली. ईशाने विषय घेतला. आणि मी, मोठ्या मनाची, तिला म्हणाले, "फिल्डवर्कला आमच्याच घरी राहा ना!" हौस दांडगी.

राहिली की. पहिल्यांदा फोनवर आई तिला "तुझ्या मैत्रीणबाई" म्हणायची. मग नुसतं "ईशा" म्हणायला लागली. आणि एकदा मी मीटिंगमधून बाहेर येऊन फोन केला, तर उचलता उचलताच आईचा आवाज, "इशे! चपला उन्हात कायले टाकल्या व?" मी म्हटलं, "आई, मी बोलतेय." तर एकदम आवाज मऊ झाला. "हो बेटा. दमली असशीन. जेवली का? ठेवते मंग." बेटा! मला घरात जन्मापासून कोणी बेटा म्हटलेलं नाही.

सरळ सांगते, जळत होते मी. बाहेर पडलेल्यांना कळेल हे. आपण घर सोडतो तेव्हा आपली जागा तिथे तशीच राहील असं गृहीत धरून सोडतो. तिथे दुसरं कोणी ऐसपैस बसेल, आणि तेही आपणच पाठवलेलं, हे कुठे डोक्यात येतं!

आखाजीला गेले. आमच्याकडे आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येण्याचा सण. मी सासरी गेलेली नाही, पण लांबून आलेली लेक तर होतेच. निंबाला झोका बांधलेला, आणि त्याच्यावर ईशा. अंगात माझा जुना गाऊन. मी आत गेले तर आईने ट्रेमध्ये पाणी आणलं. चहा आला तो फुलाफुलांच्या कपात, बशीसकट. तो कप आमच्याकडे फक्त पाहुण्यांसाठी कपाटातून निघतो. ईशा मात्र चुलीपाशी जाऊन आपला स्टीलचा पेला आपणच भरून आली, आणि त्यावरूनही तिला बोलणी बसली, "साखर बठ्ठी संपवशीन का?"

मग खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर, पुरणाचे मांडे करायला बसलो. मी पुरणाचा गोळा हातात घेतला तर आई म्हणाली, "राहू दे बेटा, हात भाजीन." ईशाला म्हणाली, "इशे, पातळ कर, घोंगडं करू राह्यली का?" माझं डोकं फिरलं. हातातला गोळा ठेवला आणि म्हटलं, "मी काय पाहुणी आहे? मला का बोलत नाहीस तू?"

आईने खापरावरची नजर काढली नाही. म्हणाली, "तू दोन दिवस येतं. दोन दिवसाच्या पोरीले काय बोलू? बोलली, अन् तू गेली, की मंग माले घास जात नाही. स्टँडवर त्या बाटलीपायी बोलली तुले, तर घरी येऊन रडली मी. हे बरी, इथंच हाय. हिले बोलून झोप लागते माले."

ईशा खाली मान घालून मांडा फिरवत होती. मी परतीचं तिकीट रद्द केलं. ऑफिसला कळवलं, काही दिवस घरून काम करते. आईला म्हटलं, कधी जाणार ते ठरलं नाही. तिने संशयाने बघितलं, पण फुलाफुलांचा कप काही दिवस माझ्यापुढे येतच राहिला.

पुढच्या आठवड्यात मी ओला टॉवेल गादीवर टाकून लॅपटॉपवर बसले होते. दारातून आवाज आला, "वैशे! गादी काय वाळवन हाय का?" कॉलवरच्या बाईंनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, एकदम ठीक. टॉवेल उचलला नाही. अजून एकदा ऐकायचं होतं.

त्याच संध्याकाळी ईशाने सांगितलं की तिचं काम संपलं, रविवारी ती निघेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीने चुलीकडे गेली तर आई म्हणाली, "बैस ईशा बेटा, मी आनते." आणि फुलाफुलांचा कप तिच्यापुढे आला. ईशाने तो बराच वेळ नुसता धरून ठेवला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तिचं तोंड बघितल्यावर मात्र माझा चहा गार झाला.

पुण्यात माझं सगळं बरं चाललंय. घर म्हणजे काय, यावर आम्हाला एम.ए.ला अख्खा पेपर होता आणि मला त्यात चांगले मार्क होते. आता मी एवढंच करते: यावलला गेले की परत कधी निघणार ते सांगत नाही. निघायच्या दिवशी आंघोळ करून, बॅग भरून मगच सांगते. तोवर आई मला मनासारखं बोलून घेते, आणि तो कप कपाटातच राहतो.