दीड वीत

आज ट्राउट माशाच्या मालवणी तिखल्यात आमसुलं टाकली आणि त्या वासाने कॅल्गरीबाहेरचा तो थंडगार ओढा आठवला. मालवणहून आलेल्या बाबांच्या गळाला ट्राउट लागला होता. तीस सेंटिमीटरच्या आतला मासा सोडावा लागतो आणि टेप मी घरी विसरलो होतो. बाबांनी ओल्या हाताने मोजला. "दीड वीत आसा रे, पुरे." लोक बघत होते. दंडाच्या भीतीने मी ओरडलो, "बाबा, प्लीज, पुट इट बॅक!" त्यांनी तो पाण्यात सोडला. घरी वरणभात जेवले, आणलेली आमसुलं ठेवून मालवणला परतले आणि तिथेच गेले. आजचा ट्राउट कापण्याआधी मोजला, माझ्या हाताने दीड वीत भरला. टेप लावली, तर एकतीस सेंटिमीटर. बाबांचा पंजा माझ्याहून केवढा तरी मोठा होता.